खरखर नक्की कुणाची? कोपरखैरण्यातल्या एका डीएसी-ॲम्प खरेदीचं प्रकरण

वहिनी घरी बसून मराठी ऑडिओबुकचं संपादन करतात. निवेदक आपल्या जागी वाचून फाइल पाठवतो. वहिनी त्यातली दोनदा वाचलेली वाक्यं, अडखळलेले शब्द, ओठांचे चटचट आवाज आणि मोठे श्वास काढतात, आवाजाची पातळी सारखी करतात आणि प्रकरण तपासणीला पाठवतात. मोबदला तयार तासावर मिळतो. पुस्तक नऊ तासांचं झालं तर नऊ तासांचे पैसे, मग त्यामागे कितीही बसावं लागो. त्यामुळे तपासणीतून फाइल परत आली की ते काम पदरचं.

गेल्या वर्षभरात फाइली परत येण्याचं प्रमाण वाढलं होतं आणि कारणं एकमेकांच्या उलट होती. काही प्रकरणांवर शेरा असे, ‘पार्श्वभूमीला घरघर आहे.’ काहींवर असे, ‘आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो, नॉइज रिडक्शन जास्त झालंय.’ म्हणजे कधी असलेली घरघर वहिनींना ऐकूच आली नव्हती, आणि कधी फाइलमध्ये नसलेली घरघर काढायला जाऊन त्यांनी निवेदकाचा चांगला आवाज खरवडला होता.

दादाने यावर उपाय ठरवून टाकला होता. हेडफोन चांगला, पण लॅपटॉप साधा, तेव्हा मध्ये एक दणदणीत डीएसी-ॲम्प, म्हणजे लॅपटॉपबाहेरून हेडफोनला आवाज देणारा डबा घ्यायचा. त्याने फिओ कंपनीचा के७ हेरून ठेवला होता. दोन एके४४९३ चिप, टीएचएक्सचं ॲम्प, बॅलन्स्ड (दोन्ही कानांना स्वतंत्र तारांच्या) जोडणीवर ३२ ओहमला २००० मिलिवॉट. मी ऐरोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीत मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन करतो, म्हणून शिक्कामोर्तब करायला मला बोलावलं. पण सगळं प्रकरण ज्यावर उभं आहे ते वाक्य वहिनींचं होतं: “भाऊजी, घरघर फाइलमध्ये आहे की माझ्या हेडफोनमध्ये, हेच मला कळत नाही हो.”

माझं मत तिथेच पक्कं झालं. कुठला डीएसी, कुठला ॲम्प हे शेवटी बघायचं. वहिनींना किती हळू आवाज ऐकू यायला हवा आणि तो आज कशाखाली झाकला जातोय, हे आधी आकड्यात मांडायचं. ते मांडलं की निम्मी यादी आपोआप गळते.

घरात काय होतं

हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा. हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. ‘स्टुडिओवाला’ म्हणून कुणीतरी २५०चा सुचवला होता. तो लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकला जोडलेला. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर. फाइली २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या. सॉफ्टवेअर रीपर. खोली भाड्याच्या फ्लॅटमधली मागची, डोक्यावर पंखा. कोपरखैरण्यात एप्रिल-मे महिन्यात पंख्याशिवाय बसून दाखवावं कुणीही.

डीएसी म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आणि ॲम्प म्हणजे तो सिग्नल हेडफोन हलवण्याइतका ताकदवान करणारा. दोन्ही लॅपटॉपमध्येही असतातच, पण प्रोसेसर, वायफाय, चार्जिंगचं सर्किट यांच्या खेटून, एकाच बोर्डावर. वहिनींनी हेडफोन लावून माझ्याकडे दिला. काहीही वाजत नव्हतं. माउस हलवला की बारीक चिर्रर्र. पान खाली सरकवलं की तिची पट्टी बदलायची. आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर तळहात टेकला की घरघर कमी, उचलला की पुन्हा जास्त.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी आधी टेबल सोडून भिंतीकडे वळलो.

आधी अर्थिंग

वहिनी म्हणाल्या, “लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, पण ते सगळ्यांच्याच लॅपटॉपला होतं ना?” होतं, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं. चार्जरच्या आत वीजवाहिनी आणि लॅपटॉपच्या बॉडीमध्ये छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर मेनच्या साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने इजा होत नाही, पण हाताला झिणझिणी लागते आणि ऑडिओत घरघर शिरते.

मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३० च्या जवळ, ठीक. फेज ते अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं. इथे आकडा शंभराच्या खाली-वर तरंगत होता. तीन पिनांचं सॉकेट, पण अर्थची पिन नुसती शोभेची. कधीतरी कुणीतरी टेबलासाठी पॉइंट वाढवताना दोनच तारा ओढल्या होत्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर कमी होते म्हणून प्लगची अर्थची पिन कापणारे, तिच्यावर टेप लावणारे किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणारे लोक मी पाहिले आहेत. हे सगळेच जिवावर बेतणारे उद्योग आहेत. न्यूट्रलची तार कुठे सुटली तर अर्थशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवावा, मुख्य बोर्डापासून हिरवी तार ओढून घ्यावी आणि आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे ना, चालतो ना, हे त्याच भेटीत बघून घ्यावं. वहिनींकडे दोन दिवसांत हे काम झालं. झिणझिण्या गेल्या, तळहाताने बदलणारी घरघर गेली. माउसची चिर्रर्र मात्र होती तशीच होती. ती लॅपटॉपच्या पोटातली.

हिशोब

डीटी ७७० प्रोची संवेदनशीलता कंपनी १ मिलिवॉटला ९६ डेसिबल सांगते. २५० ओहमला १ मिलिवॉट म्हणजे बरोबर अर्धा व्होल्ट. सगळा हिशोब या एका जोडीवरून होतो: अर्धा व्होल्ट, ९६ डेसिबल. व्होल्टेज दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात. १ व्होल्टला १०२, २ ला १०८, ४ ला ११४. उलटं गेलं की तसेच कमी होतात.

आता वहिनींचं काम. माणूस समोर बसून बोलतो तेव्हा साधारण ६० ते ६५ डेसिबल होतात. संपादनात थोडं मोठं ऐकलं जातं, म्हणून ७० धरू. तेवढ्यासाठी हेडफोनला लागतात फक्त २५ मिलिव्होल्ट. वॉटमध्ये सांगायचं तर अडीच मायक्रोवॉट. दादा २००० मिलिवॉटच्या गोष्टी करत होता. हा आकडा मी त्याच्यासमोर कागदावर मांडला तेव्हा तो बराच वेळ कॅल्क्युलेटर घेऊन बसला, पण उत्तर तेच आलं.

मग ॲम्प लागतच नाही का? थांबा, दुसरी बाजू आहे. ॲमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुक व्यवस्थेची तांत्रिक अट अशी: आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये, शिखर उणे ३च्या खाली, आणि शांततेतला पार्श्वआवाज उणे ६०च्या वर जाता कामा नये. फाइलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे शून्य, बाकी सगळं त्याखाली, म्हणून हे उणे. वहिनी ज्यांचं काम करतात त्यांच्या अटीही याच वळणाच्या आहेत.

सरासरी बोलणं उणे २०वर असेल आणि ते कानाशी ७० डेसिबल वाजत असेल, तर उणे ६०चा पार्श्वआवाज कानाशी ३० डेसिबल असतो. हा ३०चा आकडा म्हणजे वहिनींच्या कामाची हद्द. याच्या आसपास जे चाललंय ते त्यांना स्वच्छ ऐकू यायला हवं.

त्या ३०च्या शेजारी खोलीत काय काय होतं ते पाहा. पंखा चालू असताना मोबाइलच्या ॲपवर खोलीचा आवाज ४५च्या आसपास दिसत होता. मोबाइलचं मोजमाप ढोबळच, पण अंदाजाला पुरतं. डीटी ७७० बाहेरचा आवाज साधारण १८ डेसिबलने अडवतो असं कंपनी सांगते. म्हणजे कानाशी पंखा उरला २७. लॅपटॉपच्या जॅकमधला गोंगाट एक दशांश मिलिव्होल्ट जरी धरला, तरी या हेडफोनवर तो २२ डेसिबल होतो, आणि माउसचे झटके त्याच्याही वर.

फाइलचा ३०, पंख्याचा २७, लॅपटॉपचा २२ आणि वर. तिघे एकाच उंचीचे, एकाच गर्दीत. वहिनींना कळत नव्हतं यात त्यांच्या कानांचा काही दोष नव्हता. कुणालाच कळलं नसतं.

आणि आणखी एक अडचण. लॅपटॉपचा आवाज सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त केला की सिग्नल बदलतो, जॅकचा स्वतःचा गोंगाट आहे तिथेच राहतो. हळू ऐकायला जावं तर गोंगाटाचं प्रमाण वाढतं. शिवाय शांततेत काय लपलंय ते शोधण्यासाठी वहिनी दोन वाक्यांमधला तुकडा २० डेसिबलने मोठा करून ऐकू पाहायच्या. उणे २०ला ७० तर शून्याला ९०, त्यावर हे २० चढवले की शून्य पातळी कानाशी ११० डेसिबलला जायला हवी, म्हणजे अडीच व्होल्ट. लॅपटॉपमधून ४०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर वाजवून, हेडफोन लावलेला ठेवून मी व्होल्टेज मोजला. जेमतेम ०.९. साधा मल्टिमीटर उच्च स्वरांना खोटं बोलतो, ४०० हर्ट्झपर्यंत मात्र विश्वासाचा, म्हणून तो सूर. ०.९ व्होल्ट म्हणजे १०१ डेसिबल. नऊ डेसिबल कमी.

म्हणजे मागणी कागदावर उतरली: गोंगाट १० डेसिबलच्या खाली, २५० ओहमला किमान अडीच व्होल्ट, आणि पंख्याचं काहीतरी.

पर्याय गळत गेले

दादाच्या यादीत ७६८ किलोहर्ट्झ आणि डीएसडी५१२ असे, डबा किती बारकाईची फाइल वाजवू शकतो ते सांगणारे आकडे ठळक केलेले होते. फाइल ४८ किलोहर्ट्झची आहे. तिच्यात २४ किलोहर्ट्झपर्यंतचेच स्वर मावतात आणि माणसाचा कान २०च्या पुढे जात नाही. सीडी १९८२ साली आली तीच मुळी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर. संपादनासाठी २४ बिटचा उपयोग आहे, कारण पातळी वर-खाली करायला मोकळी जागा राहते. ७६८चा मात्र वहिनींना शून्य उपयोग.

सिग्नल त्याच्यातल्या गोंगाट-विकृतीच्या किती वर आहे, याचा आकडा सायनॅड म्हणून दिला जातो. १२० डेसिबलवाला भारी की ११०वाला, यावर वाद झडतात. समजा एखादा डबा २ व्होल्टला फक्त १०० डेसिबल सायनॅडचा आहे. त्याचा गोंगाट आणि विकृती मिळून झाली २० मायक्रोव्होल्ट. या हेडफोनवर ते ८ डेसिबल होतात. पंखा बंद करून, खिडकी लावूनही ते ऐकू येणार नाहीत. १०० ओलांडलेला कुठलाही डबा वहिनींसाठी सारखाच. यापुढच्या आकड्यांसाठी पैसे मोजायला मी तरी सांगणार नाही.

आउटपुट इम्पीडन्सबद्दल, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याबद्दल, थोडक्यात: तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा प्रघात आहे. २५० ओहमला म्हणजे ३१ ओहम, आणि आजचे बहुतेक डेस्कटॉप ॲम्प एक-दोन ओहमच्या आतले. हा प्रश्न इथे उद्भवतच नाही. कमी ओहमच्या इअरफोनना तो छळतो.

चिपबद्दल दादा ठाम होता की एकेएम कंपनीच्या चिपचा आवाज मऊ आणि ईएसएसच्या चिपचा टोचरा. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएमचा कारखाना जळाला आणि जगभरच्या डीएसी कंपन्यांना मिळेल ती चिप घ्यावी लागली. फिओचाच के५ प्रो आधी एकेएमवर होता, पुढे तो ईएसएसची चिप घालून के५ प्रो ईएसएस म्हणून आला. एकाच नावाचा, एकाच कामाचा डबा, आत दुसरी चिप. चिप काहीही असो, तिच्याभोवतीचं सर्किट नीट केलेलं असेल तर बोलण्याच्या आवाजात फरक ओळखणं फार अवघड असतं. पण हे दादाला सांगून पटणारं नव्हतं, ऐकवायला हवं होतं.

हातात राहिले तीन प्रकार. ॲपलचा यूएसबी-सीचा छोटा डोंगल. युरोपातला सोडला तर १ व्होल्ट देणारा, आकाराच्या मानाने अतिशय स्वच्छ आणि दीड हजाराच्या आत मिळणारा. दुसरा प्रकार डीएसी आणि ॲम्प एकाच डब्यात: फिओ के११, आयफायचा झेन डीएसी, टॉपिंगचा डीएक्स३ प्रो प्लस अशांचा वर्ग. तिसरा प्रकार दोन वेगळे डबे, शीटचा मोडी आणि मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्सचा ॲटम यांच्यासारखी जोडी. दोन डब्यांचा फायदा पुढे एक बदलायचा असेल तर. वहिनींचं टेबल अडीच फुटांचं, त्यावर मॉनिटर, कीबोर्ड आणि संहितेची पानं. तिसरा प्रकार जागेवरच सुटला.

ऑडिओ इंटरफेसचाही, म्हणजे माइक आणि हेडफोन दोन्ही लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचाही विचार झाला. माइक जोडायचा असता तर मी तोच सुचवला असता, कारण ज्याला रेकॉर्डिंगही करायचंय त्याने केवळ ऐकायचा डबा घेण्यात अर्थ नाही. वहिनींना माइक लागत नाही.

टेबलावरची परीक्षा

डोंगल विकत घेतला. कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडून के११ दोन-चार दिवसांसाठी मिळाला, दुसऱ्याकडून एक जुना नॉबवाला ॲम्प. तिन्ही आणि लॅपटॉपचा जॅक, असे चौघे.

तुलनेत एकच पथ्य कडक पाळलं: आवाज सारखा. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून, हेडफोन लावलेला असताना प्रत्येकाचा व्होल्टेज मीटरवर एकाच आकड्याला आणला. अर्ध्या डेसिबलनेही मोठं वाजणारं यंत्र कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतं आणि मग माणूस चिपचे गोडवे गातो. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये सव्वा टक्क्याहून थोडा कमी फरक, तेवढ्यात बसवलं.

वहिनी टेबलाकडे पाठ करून बसल्या. दादा जोडण्या बदलायचा, मी नोंद करायचो. तुकडा तोच: एका निवेदिकेचा परिच्छेद, मध्ये श्वास, नंतर तीन सेकंदांची शांतता. लॅपटॉप वहिनींनी दर वेळी ओळखला, तोही बोलणं सुरू व्हायच्या आधी, शांततेतच. डोंगल आणि के११ यांच्यात त्यांची उत्तरं नुसत्या अंदाजाइतकीच बरोबर आली. मग दादा स्वतः बसला. त्याचंही तेच झालं, आणि के७चा विषय त्या संध्याकाळनंतर निघाला नाही.

जुन्या ॲम्पने वेगळीच गोष्ट दाखवली, जी कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. निवेदन मोनो असतं, म्हणून आवाज कपाळाच्या बरोबर मध्यावर यायला हवा. त्या ॲम्पचा नॉब कामाच्या पातळीला, म्हणजे जेमतेम उघडलेला असताना, निवेदिका डाव्या कानाकडे सरकलेली ऐकू यायची. नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला की मध्यावर यायची. नॉबच्या आत डाव्या-उजव्या बाजूचे दोन कार्बनचे पट्टे असतात आणि सुरुवातीच्या टप्प्यात ते क्वचितच सारखे असतात. वहिनींनी डोळे मिटून उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्यासमोर धरलं आणि आवाजामागे सरकवत नेलं. नॉब खाली आला की बोट डाव्या भुवईवर. आपल्याला लागतात २५ मिलिव्होल्ट आणि ॲम्प आहे चार-पाच व्होल्टांचा, तर काम कायम नॉबच्या तळाशीच चालणार. म्हणून जास्त ताकदीचा ॲम्प म्हणजे जास्त चांगला हे खरं नाही, आणि लो गेनचा, म्हणजे ॲम्पची ताकद उतरवणारा, खटका असणं ही चैनीची गोष्ट नाही.

निवड

ऐकण्यात डोंगल आणि के११ सारखे, तर दीड हजाराच्या आतला डोंगल घेऊन मोकळं का नाही व्हायचं? मी तेच म्हणणार होतो. वहिनींनी आपल्या कामावरून दुसरी बाजू मांडली आणि ती मला पटली.

त्या दिवसभरात असंख्य वेळा आवाज वर-खाली करतात: श्वास कापताना वर, सलग ऐकताना खाली. विंडोजच्या स्लायडरवर ते करायचं तर उजवा हात दर वेळी संपादनातून सुटतो. डाव्या हाताशी नॉब असला की तो सुटत नाही. दुसरं, के११च्या छोट्या पडद्यावर आवाजाचा आकडा दिसतो. रोज सकाळी तोच आकडा लावला की कालचा ‘हळू’ आणि आजचा ‘हळू’ सारखा. माझ्या कॅलिब्रेशनच्या धंद्यात याच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही. तिसरं, डोंगलचा १ व्होल्ट १०२ डेसिबलवर थांबतो आणि शांतता तपासायला लागतात ११०. के११ हाय गेनवर, हेडफोन जोडलेला असताना, ४ व्होल्टच्या पुढे गेला. शिवाय ६.३५ मिलिमीटरचा मोठा सॉकेट, त्यात हेडफोनच्या प्लगवर स्क्रूने बसणारा मूळचा अडॅप्टर जातो आणि वायर ओढली गेली तरी लॅपटॉपच्या नाजूक पोर्टवर ताण येत नाही.

बॅलन्स्ड ४.४ मिलिमीटरचा सॉकेटही त्यावर आहे. तो तसाच राहू द्यायचा. डीटी ७७० प्रोची वायर आत पक्की बसवलेली असते. बॅलन्स्ड करायला हेडफोन उघडून सोल्डरिंग करावं लागेल, आणि मिळणारी जास्तीची ताकद वहिनींना कुठेच लागत नाही.

नवा के११ भारतातल्या वितरकाच्या वॉरंटीसह, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घेतला. परदेशातून परस्पर मागवलेला थोडा स्वस्त पडत होता, पण ज्या यंत्रावर रोजचं काम चालतं ते बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवायचं, याचं उत्तर घेताना हातात असलं पाहिजे.

एका गोष्टीपासून दादाला मी वेळीच अडवलं. तो यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीच्या वाटेने येणारा विजेचा गोंगाट अडवणारा तुकडा, मागवणार होता. बाजारात मिळणारे स्वस्त आयसोलेटर एडीयूएम४१६० या चिपवरचे असतात आणि ती यूएसबीच्या १२ मेगाबिटच्या जुन्या वेगापर्यंतच चालते. आजचे बहुतेक डीएसी त्याहून वरच्या वेगाने बोलतात; मध्ये हा घातला तर डीएसी एकतर दिसत नाही किंवा खालच्या क्षमतेवर उतरतो. अर्थिंग झाल्यावर त्याची गरजही उरली नव्हती.

नंतर

पहिलं काम आम्ही केलं ते आवाजाची हद्द ठरवण्याचं. २५ मिलिव्होल्ट सरासरीला येतील असा लो गेनवरचा आकडा शोधून वहिनींनी तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. वहिनींचे आठवड्याचे तास त्याच्या जवळपास जातात, तेव्हा ७०च्या आसपासच राहणं हे त्यांच्या कानांसाठीही हवंच होतं. शांतता तपासायला आवाज २० डेसिबलने चढवायचा तर मध्येच निवेदकाचा शब्द आला की कानठळ्या बसतील. म्हणून रीपरच्या मॉनिटर एफएक्समध्ये एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा भाग, कायमचा बसवला. तो फक्त ऐकण्याच्या वाटेत येतो, फाइलला हात लावत नाही.

पंख्याला पर्याय पैशात नव्हता. वहिनींनी कामाची वाटणी बदलली: कापाकापी आणि सलग वाचन दुपारी पंख्याखाली, पार्श्वआवाजाची तपासणी पहाटे, पंखा बंद करून. २७चा पंखा गेला, २२चा लॅपटॉप गेला, राहिला तो फक्त फाइलचा आवाज.

लगेच एक सापडला. एका निवेदकाच्या फाइलींत सगळ्या वाक्यांखाली सलग गुणगुण होती, फक्त काही तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये, बाकी स्वच्छ. वहिनींनी तुकडा मला पाठवला. स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० हर्ट्झवर खुंट्या उभ्या. वीज गेली की त्या निवेदकाकडे इन्व्हर्टर सुरू व्हायचा आणि तो माइकजवळच्याच भिंतीला होता. आधी वहिनी अशा फाइलवर सरसकट नॉइज रिडक्शन चालवायच्या आणि तोच आवाज पाण्यातला होऊन परत यायचा. आता त्या तेवढेच स्वर कापणारे तीन अरुंद नॉच फिल्टर लावून थांबतात, आणि निवेदकाला इन्व्हर्टरची वेळ टाळायला सांगतात. पार्श्वआवाजाच्या शेऱ्याने फाइल परत येणं त्यानंतर बंद झालं. श्वास आणि उच्चारांचे शेरे अजून येतात. ते ॲम्पचं काम नाही.

हा सगळा निकाल या हेडफोनपुरता आहे, हे दादाने नंतर हायफायमनच्या सुंदरा या हेडफोनबद्दल विचारलं तेव्हा पुन्हा मांडावं लागलं. तो प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या जातीचा, ३७ ओहमचा, ९४ डेसिबलचा. त्याला ११० डेसिबलपर्यंत न्यायला सव्वा व्होल्टही पुरतो, पण प्रवाह लागतो ३३ मिलिअँपिअर. वहिनींच्या हेडफोनला अडीच व्होल्टला फक्त १० लागतात. डोंगलला तिथे धाप लागेल, के११ला लागणार नाही. पण सुंदरा उघड्या पाठीचा आहे, बाहेरचा आवाज अडवतच नाही. वहिनींच्या खोलीत तो लावला की पंखा पूर्ण ४५वर कानात येईल. दादाला तो हवाय रात्री नाट्यगीतं ऐकायला, बैठकीच्या खोलीत, एसी बंद करून. त्याचा हिशोब वेगळ्या कागदावर सुरू आहे.